टांगा नेमका केव्हा गाठला?

आलेखावर दोन रेघा काढल्या आहेत. एक पुढे पळणाऱ्या गाडीच्या वेगाची, दुसरी तिचा पाठलाग करणाऱ्या गाडीच्या वेगाची. एका ठिकाणी या दोन रेघा एकमेकींना छेदतात. त्या क्षणी मागच्या गाडीने पुढच्या गाडीला गाठले, असे म्हणता येईल का? मित्रांनो, उत्तर आधी मनाशी ठरवा, एका कपट्यावर लिहा आणि त्याची घडी करून ठेवून द्या.

हा प्रश्न मला सोलापुरात, शुक्रवार पेठेत भेटला. मे महिन्यात बहिणीकडे गेलो होतो. सोलापूरचा उन्हाळा मी तुम्हांला काय सांगावा! दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि पेठेतले बोळ सामसूम होतात. अशा वेळी घरात पंख्याखाली पडून राहण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. त्या दुपारी टीव्हीवर ‘शोले’ लागला होता. 15 ऑगस्ट 1975 रोजी हा चित्रपट प्रथम पडद्यावर आला, त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. पण बसंती, तिची धन्नो घोडी आणि तिचा टांगा आजच्या मुलांनाही ठाऊक आहेत. बसंती टांगा उधळते, डाकू घोड्यांवरून मागे लागतात, धुळीचे लोट उठतात आणि शेवटी टांग्याचे चाक मोडते. कर्नाटकात रामनगरमच्या खडकाळ टेकड्यांच्या परिसरात या चित्रपटाचे बरेचसे चित्रण झाले. पडद्यावर आपल्याला हेमा मालिनी दिसते; पण टांगा भरधाव हाकण्याची जोखमीची कामे तिच्याऐवजी रेश्मा पठाण या धाडसी स्त्रीने केली होती.

पाठलाग रंगात आला आणि नुकताच नववीची परीक्षा दिलेला माझा भाचा एकदम म्हणाला, “मामा, परीक्षेत अस्साच प्रश्न होता. दोन गाड्यांचा आलेख दिला होता. मी लिहिलं, रेघा छेदतात तिथं मागची गाडी पुढचीला गाठते. सरांनी तीन मार्क कापले! रेघा भेटल्या म्हणजे गाड्या भेटल्याच की.”

आठवीत जाणारी भाची शेंगदाणे सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “मग बसंती केव्हाच सापडली असती की.”

भाच्याला ते पटले नाही, आणि का पटले नाही हे भाचीला सांगता येईना. तेव्हा मी आलेखपत्र मागवले. तुम्हीही एक घ्या.

आडव्या अक्षावर काळ मांडू. 1 सेंटिमीटर म्हणजे 2 सेकंद. उभ्या अक्षावर वेग मांडू. 1 सेंटिमीटर म्हणजे दर सेकंदाला 2 मीटर. (पुस्तकात चाल आणि वेग यांत फरक केलेला असतो. वेगात दिशाही येते. आपला टांगा सरळ रस्त्याने एकाच दिशेला पळणार आहे, म्हणून येथे नुसते ‘वेग’ म्हटले तरी चालेल.)

आता पाठलाग मांडायचा. आकडे मी माझ्या सोयीने घेतले आहेत, पण घोड्यांना ते अगदीच न झेपणारे नाहीत. समजा, टांगा उभा आहे आणि डाकू त्याच्या 20 मीटर मागे आहेत. घड्याळात शून्य वाजले की बसंती लगाम झटकते. टांग्याचा वेग एकसारखा वाढत जातो आणि 8 सेकंदांत तो दर सेकंदाला 8 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 29 किलोमीटर होतो. मागे टांगा ओढायचा असल्यामुळे धन्नोला याहून जोरात पळता येत नाही. डाकू गाफील होते. त्यांना घोडी वळवून टाच मारायला 4 सेकंद लागतात. पण त्यांच्या घोड्यांच्या पाठीवर एकेकच माणूस! ती 6 सेकंदांत दर सेकंदाला 12 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 43 किलोमीटर वेग गाठतात आणि पुढे त्याच वेगाने दौडत राहतात.

टांग्याची रेघ शून्यापासून तिरपी वर जाते, 8 व्या सेकंदाला 8 या उंचीवर पोचते आणि तेथून आडवी होते. डाकूंची रेघ पहिले 4 सेकंद तळाच्या अक्षावरच झोपलेली असते. मग ती ताडकन उठते, 10 व्या सेकंदाला 12 वर पोचते आणि मग आडवी धावते. दोन्ही रेघा काढा. त्या कोठे छेदतात? बरोबर 8 व्या सेकंदाला, 8 या उंचीवर.

“बघा! तिथं गाठलं,” भाचा म्हणाला.

थांबा, मित्रांनो. आधी या रेघा आपल्याला काय सांगतात ते नीट ऐकू या. रेघ किती उंचावर आहे, त्यावरून वेग कळतो. रेघ किती तिरपी आहे, त्यावरून त्वरण कळते. दर सेकंदाला वेगात जी भर पडते तिला त्वरण म्हणायचे. टांग्याच्या वेगात 8 सेकंदांत 8 ची भर पडली, म्हणून त्याचे त्वरण 1. डाकूंच्या वेगात 6 सेकंदांत 12 ची भर पडली, म्हणून त्यांचे त्वरण 2. एकक थोडे लांबलचक आहे: ‘मीटर दर सेकंदाला, दर सेकंदाला’. दोनदा ‘दर सेकंदाला’ हे छापखान्याची चूक म्हणून आलेले नाही. पहिले वेगाचे आहे, आणि दुसरे त्या वेगात पडणाऱ्या भरीचे.

उंची आणि तिरपेपणा यांची गल्लत फार जणांकडून होते. 10 व्या सेकंदानंतर डाकू सर्वांत जास्त वेगाने पळत आहेत, पण त्यांची रेघ आडवी आहे. म्हणजे त्यांचे त्वरण शून्य आहे! याचा अनुभव तुम्हांला रेल्वेत येतो. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस सरळ रुळांवर एकाच वेगाने भरधाव चालली असताना तुम्ही बर्थवर खुशाल पाणी पिता. पण गाडी सोलापूर स्टेशन सोडताना एक हिसका बसतो. तेव्हा वेग गोगलगायीचा असतो, तरीही पेल्यातले पाणी सांडते. पाणी सांडते ते वेगामुळे नव्हे, त्वरणामुळे.

उंची झाली, तिरपेपणा झाला. या आलेखात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि आपल्या भांडणाचा निकाल तीच लावणार आहे. ती म्हणजे रेघेखालची जागा.

टांगा दर सेकंदाला 8 मीटर अशा एकाच वेगाने 5 सेकंद पळाला तर किती अंतर जाईल? 8 गुणिले 5, म्हणजे 40 मीटर, हे कोणीही सांगेल. आलेखावर पाहा. 8 उंचीचा आणि 5 रुंदीचा एक आयत दिसतो. उंची गुणिले रुंदी म्हणजे त्या आयताचे क्षेत्रफळ. अर्थात रेघेखालचे क्षेत्रफळ म्हणजेच कापलेले अंतर.

पण वेग बदलत असेल तर? तर काळाचे बारीक तुकडे करावेत. पहिल्या सेकंदात टांग्याचा वेग 0 पासून 1 पर्यंत वाढला, म्हणजे सरासरी अर्धा. तेव्हा त्या सेकंदात टांगा अर्धा मीटर गेला. दुसऱ्या सेकंदात सरासरी दीड, म्हणून दीड मीटर. तिसऱ्यात अडीच, चौथ्यात साडेतीन, असे करत आठव्यात साडेसात. ही बेरीज करा. 32 मीटर येते. आता रेघेखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढा. पाया 8, उंची 8, त्याचे निम्मे 32! तुकडे मोजा की त्रिकोण मोजा, अंतर एकच येते. आणि हे अर्धा, दीड, अडीच, साडेतीन आकडे दुप्पट केले तर 1, 3, 5, 7 या विषम संख्या मिळतात. उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्यांची अंतरे मोजताना गॅलिलिओला याच विषम संख्या सापडल्या होत्या. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात, निकोल ओरेम नावाच्या फ्रेंच पंडिताने बदलता वेग आकृतीने दाखवून तिच्या क्षेत्रफळावरून अंतर काढले होते. त्या वेळी ना आलेखपत्र होते, ना सेकंद मोजणारे घड्याळ!

आपल्या आलेखपत्रावर 1 सेंटिमीटरचा एक चौकोन म्हणजे 2 सेकंद गुणिले दर सेकंदाला 2 मीटर, म्हणजे 4 मीटर. तेव्हा नुसते चौकोन मोजूनसुद्धा अंतर सांगता येते. भाचीला हे फार आवडले. गुणाकार नको, नुसती मोजणी.

आता रेघा छेदतात त्या 8 व्या सेकंदाकडे या. टांग्याच्या रेघेखाली 32 मीटर आहेत. डाकूंच्या रेघेखालचा त्रिकोण लहान आहे. पाया 4, उंची 8, क्षेत्रफळ 16. म्हणजे टांगा 32 मीटर गेला आणि डाकू 16 मीटर आले. सुरुवातीला दोघांत 20 मीटर अंतर होते. ते आता 20 अधिक 32 वजा 16, म्हणजे 36 मीटर झाले!

भाचा आलेखाकडे पाहतच राहिला. ज्या क्षणी डाकूंनी टांगा गाठला असे तो म्हणत होता, त्या क्षणी ते टांग्याच्या जास्तीत जास्त मागे होते.

असे का व्हावे? 8 व्या सेकंदापर्यंत टांग्याची रेघ वर आहे, म्हणजे टांग्याचा वेग जास्त आहे. डाकूंचे त्वरण दुप्पट असेना का, जोपर्यंत पुढचा मागच्यापेक्षा जोरात पळतो आहे तोपर्यंत दोघांतले अंतर वाढतच जाणार. रेघा छेदतात तेव्हा वेग सारखे होतात आणि अंतर वाढायचे थांबते. त्यानंतर डाकूंची रेघ वर जाते आणि तेथून अंतर कमी होऊ लागते. भाच्याच्या भाषेत सांगायचे तर रेघा भेटतात तेथे फक्त वेग भेटतात, गाड्या नाही.

मग टांगा सापडतो केव्हा? 10 व्या सेकंदापर्यंत टांगा 48 मीटर गेलेला असतो आणि डाकू 36 मीटर आलेले असतात. अंतर उरते 32 मीटर. पुढे दर सेकंदाला डाकू 12 मीटर जातात, टांगा 8 मीटर. म्हणजे दर सेकंदाला 4 मीटर तुटतात. 32 मीटर तुटायला 8 सेकंद लागतात. 18 व्या सेकंदाला टांगा गाठला! पडताळून पाहा. टांगा 112 मीटर, डाकू 132 मीटर. डाकू 20 मीटर मागून निघाले होते, हिशेब चोख जमतो. तुमच्या आलेखावर 8 व्या सेकंदाच्या उजवीकडे दोन रेघांमध्ये जी जागा आहे तिच्यात 9 चौकोन भरतात. 9 गुणिले 4, म्हणजे 36 मीटर. छेदबिंदूपाशी पडलेले अंतर बरोबर तेवढेच होते.

येथे मला एक गंमत करून पाहावीशी वाटली. डाकू गाफील नसते आणि टांग्याबरोबरच निघाले असते तर? तुम्हीच काढून पाहा. बसंती साडेसहा सेकंदांच्या आतच सापडते. डाकूंचा फक्त 4 सेकंदांचा गाफीलपणा, पण बसंतीला त्यामुळे 11 सेकंदांहून अधिक वेळ मिळाला.

भाच्याने शांतपणे पेन्सिल खाली ठेवली. पण तो सहजी हार मानणारा नाही. म्हणाला, “मामा, हे आकडे तुम्ही मनानं घेतले. सिनेमातला टांगा खरंच किती जोरात पळतो ते कसं मोजायचं?”

प्रश्न फार चांगला होता, कारण सिनेमा हे स्वतःच एक घड्याळ आहे. फिल्मच्या पट्टीवर सेकंदाला 24 चित्रे घेतलेली असतात. 35 मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या पट्टीच्या एका फुटात 16 चित्रे मावतात, म्हणजे एका सेकंदाला दीड फूट फिल्म सरकते. पट्टी हातात असेल तर पट्टीची लांबी मोजून वेळ सांगता येईल! दोन चित्रांमध्ये टांगा किती सरकला हे एकदा कळले की वेग हाती आला. मात्र हे एकाच सलग तुकड्यात करायचे. संकलक कात्री लावून तुकडे जोडतो. आता टांगा, आता डाकूंचे चेहरे, आता घोड्यांच्या टापा. आपल्या आलेखावरचा 18 सेकंदांचा पाठलाग पडद्यावर तो सहज तीन मिनिटे खेचू शकतो. कात्री लागली की घड्याळ बंद पडले असे समजावे.

टांग्याचे चाकही वेग सांगते. समजा, चाकाचा परीघ 4 मीटर आहे आणि त्याला 12 आरे आहेत. वेग दर सेकंदाला 8 मीटर असेल तर चाक सेकंदाला दोन फेरे घेईल आणि सेकंदाला 24 आरे एका जागेवरून जातील. म्हणजे प्रत्येक चित्रात आधीच्या आऱ्याच्या जागी बरोबर पुढचा आरा आलेला असेल. मग पडद्यावर काय दिसेल? टांगा पळतो आहे आणि चाक स्तब्ध! वेग याहून किंचित कमी असेल तर चाक उलटे फिरताना दिसते. जुन्या चित्रपटांत तुम्ही हे पाहिले असेल आणि डोळ्यांचा भास म्हणून सोडून दिले असेल.

पण सिनेमाचे घड्याळ लबाडीही करते. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवावी लागे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी बनवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ दाखवला. त्या मूकपटांच्या काळात सेकंदाला 16 किंवा 18 च्या आसपास चित्रे घेतली जात. अशी फिल्म पुढे 24 च्या यंत्रावर चढवली की माणसे तुरुतुरु चालताना दिसतात. हीच युक्ती पाठलाग रंगवायला कामी येते. सेकंदाला 18 चित्रे घ्यायची आणि दाखवायची 24. एका सेकंदात घडलेली गोष्ट पाऊण सेकंदात उरकते. दर सेकंदाला 9 मीटर पळणारे घोडे 12 मीटर पळताना दिसतात. वेग चार तृतीयांश पट झाला. आणि त्वरण? येथे जरा थांबून विचार करा. वेगातली भर चार तृतीयांश पट झाली आणि ती पडायला लागणारा काळही पाऊणपट उरला. त्यामुळे त्वरण सोळा नवमांश पट, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होते. आलेखावर रेघ उंचही होते आणि आडवी दबलीही जाते, मग ती जास्तच उभी दिसणार.

या लबाडीला पकडणारा एक पोलीस आहे. त्याचे नाव गुरुत्वाकर्षण. खाली पडणाऱ्या वस्तूचे त्वरण 9.8 असते आणि ते कोणत्याही दिग्दर्शकाचे ऐकत नाही. टांग्यातून एखादा जड डबा दीड मीटर उंचीवरून खाली पडला तर त्याला सुमारे 0.55 सेकंद लागतो. फिल्म खरी असेल तर तो 13 चित्रांत जमिनीवर येईल. 18 ची युक्ती केली असेल तर 10 चित्रांतच आदळेल. पाठलागाच्या दृश्यात काही पडले, उडाले, कोसळले की ती चित्रे मोजावीत. घोड्यांचा खरा वेग त्यातून उघडा पडतो.

संध्याकाळी ऊन उतरले आणि बोळात वारा खेळू लागला. आम्ही तिघे खडू, टेप आणि भाच्याची सायकल घेऊन खाली उतरलो. टांगे आता सोलापुरात शोधावे लागतील, तेव्हा सायकलीवरच भागवायचे होते. बोळाच्या फरशीवर दर 2 मीटरला एक अशा खडूच्या आडव्या रेघा ओढल्या. भाची सायकलीवर बसली. भाचा मोबाइल घेऊन माडीच्या खिडकीत उभा राहिला. मोबाइलचा कॅमेरा साधारणपणे सेकंदाला 30 चित्रे घेतो. तो हलू द्यायचा नाही, उशीखाली दाबून धरायचा. पुढचे चाक जमिनीला टेकते तो ठिपका कोणत्या चित्रात खडूची रेघ ओलांडतो, एवढेच पाहायचे.

आधी कॅमेऱ्याच्या घड्याळाची परीक्षा घेतली. सव्वा मीटर उंचीवरून चेंडू सोडला. तो अर्ध्या सेकंदात, म्हणजे 15 चित्रांत जमिनीवर यायला हवा. मोजली तर 15 च भरली. मग भाची निघाली. सहा रेघा तिने 63, 87, 105, 123, 138 आणि 150 व्या चित्रांत ओलांडल्या. यांना 30 ने भागा म्हणजे सेकंद मिळतील. पहिल्या 2 मीटरना 2.1 सेकंद लागले आणि शेवटच्या 2 मीटरना फक्त 0.4. म्हणजे शेवटी वेग दर सेकंदाला 5 मीटरपर्यंत चढला होता. प्रत्येक टप्प्याची सरासरी काढून ती त्या टप्प्याच्या मधल्या क्षणावर ठिपक्याने मांडली. पुस्तकातल्यासारखी सरळ रेघ काही आली नाही. तिसरा आणि चौथा ठिपका तर एकाच उंचीवर बसले. एक पेडल खाली रेटून झाले की दुसरे वर येईपर्यंत जोर ढिला पडतो, तो तेथे दिसत असावा. तरी सर्व ठिपक्यांच्या मधून पट्टी धरून रेघ ओढली तेव्हा तिचा चढ जवळजवळ 1 आला. आमची भाची धन्नोच्या बरोबरीची निघाली! हे ऐकून ती थोडी फुगली.

पण खरी मौज पुढेच झाली. शेवटची रेघ ओलांडताच शेजारच्या बोळातून एक म्हैस आडवी आली. भाचीने ब्रेक दाबले, सायकल करकरली आणि म्हशीच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली. म्हशीने ढुंकूनही पाहिले नाही. माझ्या मात्र पोटात गोळा आला. भाचा खिडकीतून ओरडला, “मामा, सगळं रेकॉर्ड झालंय!”

रात्री जेवणानंतर ती चित्रे मोजली. म्हैस बोळातून बाहेर आल्यापासून ब्रेक लागेपर्यंत 15 चित्रे गेली होती. अर्धा सेकंद! एवढ्या वेळात डोळ्यांनी पाहिले, डोक्याने ठरवले आणि बोटांनी ब्रेक आवळले. त्यानंतर सायकल थांबायला 45 चित्रे, म्हणजे दीड सेकंद. भाचीने आलेख काढला. 5 उंचीवर अर्धा सेकंद आडवी रेघ आणि मग खाली उतरणारी तिरपी रेघ. आडव्या रेघेखाली अडीच मीटर आणि उतरत्या रेघेखालच्या त्रिकोणात पावणेचार मीटर, मिळून सव्वासहा मीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी टेपने मोजले, जवळजवळ तेवढेच भरले.

“आणि वेग दुप्पट असता तर?” भाच्याने विचारले.

भाचीने त्याच कागदावर 10 उंचीवर रेघ काढली. आडवा तुकडा तोच अर्ध्या सेकंदाचा, पण त्याच्याखाली आता 5 मीटर. ब्रेक तेच, म्हणून उताराचा चढ तोच. पण खाली येईपर्यंत दीडऐवजी तीन सेकंद लागले. त्रिकोण दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद झाला, म्हणजे चौपट मोठा. पावणेचाराचे 15 मीटर झाले. एकूण 20. म्हैस 7 मीटरांवर होती. भाचीने त्या आलेखाच्या कडेला एक छोटीशी म्हैस काढली आणि काही न बोलता कागद भाच्याकडे सरकवला. पेठेतल्या उतारावरून हात सोडून सायकल हाणण्याची त्याला भारी हौस आहे, हे सगळ्या घराला ठाऊक होते.

त्यानेही मग एक आलेख काढला. धन्नोच्या मागे टांगा थोडा हलका असता आणि तीही 8 वर न थांबता त्याच 1 च्या त्वरणाने चढत चढत 12 पर्यंत पोचली असती तर काय झाले असते? डाकूंची रेघ त्याने होती तशीच ठेवली. दोन रेघा 8 व्या सेकंदाला छेदल्या, पुढे डाकूंची वर गेली, टांग्याची तिच्या मागोमाग चढत राहिली आणि 12 व्या सेकंदाला दोन्ही एकमेकींवर अशा बसल्या की पुढे एकच रेघ दिसू लागली.

“आता सापडली का?” मी विचारले.

त्याने चौकोन मोजायला सुरुवात केली. तुम्हीही मोजा. डाकू कितीही वेळ पळाले तरी दोघांमध्ये किती मीटर उरतात?